रात्रगस्त, बीपी आणि बंदोबस्त : पोलीस वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही पोलीस वाचकांना आणि त्यांच्या घरच्यांना तब्येतीचे प्रश्न पाठवायला सांगितले होते. आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : वय ४६, हवालदार, सोलापूर जिल्हा. आठवड्याला तीन-चार रात्रगस्ती असतात. आरोग्य शिबिरात बीपी १५०/९६ निघाला, दोन दिवसांनी मेडिकलमध्ये मोजला तर १३२/८४. उपाशीपोटी शुगर कधी ११०, कधी १६०. यातलं खरं काय धरायचं? आणि पहाटे छातीत जळजळ होते, ती ॲसिडिटीच ना?

आधी छातीचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. चाळिशी ओलांडलेला, रात्री जागणारा आणि शुगर वरखाली होणारा माणूस असेल तर पहाटेच्या जळजळीला तपासल्याशिवाय ॲसिडिटी म्हणायचं नाही. जिना चढताना, गाडी ढकलताना किंवा भरभर चालताना जळजळ वाढते आणि थांबल्यावर कमी होते का, हे आठवून पाहा. तसं होत असेल तर याच आठवड्यात फिजिशियन गाठा. जळजळीबरोबर दरदरून घाम, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, धाप किंवा मळमळ असेल तर सोडा पिऊन अर्धा तास वाट बघण्यात शहाणपण नाही. १०८ ला फोन करा, किंवा सहकाऱ्याला गाडी काढायला लावा. स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. दवाखान्यात पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी निघू नका. हृदयाच्या झटक्यात सुरुवातीचा ईसीजी बिनदोष येऊ शकतो. ट्रोपोनिनची रक्तचाचणी करून ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. मधुमेह असलेल्यांना तर कळ न येताही झटका येतो, नुसता घाम आणि गळून गेल्यासारखं वाटतं.

आता बीपी. तुमचे दोन्ही आकडे अपुरे आहेत. शिबिरात रांगेत उभं राहून, शर्टाची बाही दंडाला आवळेपर्यंत वर सारून, शेजारच्याशी बोलत मोजलेला बीपी चढाच येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी वर येतो. दंडाला लावायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. त्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू नको आणि लघवीला जाऊन आलेलं बरं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी आहे. रात्रगस्त असेल त्या दिवशी घड्याळातली सकाळ धरू नका. झोपून उठल्यानंतरची वेळ ती तुमची सकाळ.

शुगरच्या आकड्यांची गंमत अशी की गस्तीनंतरचं 'उपाशीपोट' बहुतेक वेळा उपाशी नसतंच. पहाटे तीनला टपरीवर घेतलेला चहा आणि दोन बिस्किटं हिशेबात येत नाहीत. शिवाय रात्रभर जागलेल्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे काही न खाताही शुगर चढलेली दिसू शकते. म्हणून एचबीए१सी करा. त्यात तीन महिन्यांची सरासरी कळते आणि उपाशी राहावं लागत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर चाचणी दुसऱ्यांदा करून पक्कं करतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा फसवतो, तेव्हा तेही बरोबर तपासून घ्या.

गोळी लागलीच तर डॉक्टरांना ड्युटीच्या वेळा स्पष्ट सांगा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि बंदोबस्तात जेवण चुकलं तर शुगर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम येतो, समोरचं कळेनासं होतं. त्यासाठी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बीपीची काही औषधं लघवी वाढवतात, तीही कधी घ्यायची ते ड्युटी बघून ठरवतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. मुख्य जेवण गस्तीला निघण्याआधी घरी. रात्री एक ते पाचमध्ये वडापाव किंवा राइस प्लेट नको. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, ताक एवढ्यावर भागवा. एका कटिंगमध्ये साधारण एक चमचा साखर, म्हणजे चार-पाच ग्रॅम. रात्रीत दहा कटिंग झाले की ४० ते ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं चांगलं म्हणते. कंबर नाभीच्या रेषेत टेपने मोजून लिहून ठेवा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० ही मर्यादा धरतात.

प्रश्न : रात्रपाळी संपवून रोज ३५ किलोमीटर मोटरसायकलने गावी जातो. मधे डुलकी लागते. तोंडावर पाणी मारतो, तंबाखू लावतो, तरी लागते.

लागणारच. पाणी, तंबाखू, गार वारा यांचा परिणाम चार-दोन मिनिटांपुरता असतो. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी मंदावते, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्याच्या घरात जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रात्रभर नाकाबंदीत लोकांच्या तोंडाला दारू तपासायचं श्वासयंत्र लावणारा पोलीस सकाळी स्वतः त्याहून वाईट अवस्थेत गाडी काढतो. फरक इतकाच, की ही नशा यंत्रात दिसत नाही.

उपाय दोन. ड्युटीवर जाण्याआधी दुपारी दीड तास झोप काढा. ड्युटी संपल्यावर ठाण्यातच वीस मिनिटं आडवे व्हा, मोबाईलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावून. झोपण्याआधी एक कप कॉफी घेतली तर तिचा परिणाम उठायच्या वेळी सुरू होतो. झोप अर्ध्या तासापुढे लांबवू नका, नाहीतर उठल्यावर डोकं जड होतं आणि गाडी चालवायला ते आणखी वाईट. मात्र घरी पोचल्यावर लगेच झोपायचं असेल तर कॉफी टाळा. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

घरी झोपायचं कसं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो सगळ्यांचाच आहे. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पोलिसांच्या पिढ्या राहिल्या, तिथे दिवसा अंधार आणि शांतता कुठून आणणार? डोळ्यांवर जाड काळी पट्टी, कानात फोमचे बोळे, पंखा सुरू, आणि घरच्यांशी ठरवलेली चार तासांची एक पक्की वेळ. तेवढी झोप सलग मिळाली तर उरलेली संध्याकाळी तुकड्यात घेता येते.

प्रश्न : मिस्टर उपनिरीक्षक आहेत. तीन महिन्यांपूर्वी एका लहान मुलीच्या प्रकरणाचा तपास त्यांच्याकडे होता. तेव्हापासून बोलत नाहीत, मुलांवर खेकसतात, रात्री दचकून उठतात. आधी कधीतरी घ्यायचे, आता रोज पितात. डॉक्टरचं नाव काढलं की 'रेकॉर्डला येईल, प्रमोशन जाईल' म्हणतात. काय करू? — नागपूर

ताई, अशा तपासानंतर काही दिवस झोप उडणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं स्वाभाविक आहे. पण हे एक महिन्यापेक्षा जास्त चाललं, माणूस त्या रस्त्याने किंवा त्या विषयाजवळ जायचं टाळू लागला, जरा आवाजाला दचकू लागला, तर तो आघातानंतरचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. तुमच्या घरात तीन महिने झाले, म्हणजे आपोआप निवळायची वाट बघण्याची मुदत संपली.

बोलायचं कसं? प्यायल्यावर नाही, ड्युटीवरून आल्या आल्या नाही, सासू-सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही. 'तुम्हाला वेड लागलंय', 'दारू सोडा' हे सूर नकोत. जे दिसतं तेच सांगा: "तुम्ही तीन रात्री ओरडून उठलात. मला काळजी वाटते. झोपेसाठी एकदा डॉक्टरांना दाखवू." झोपेचं नाव पुढे केलं की पोलीस माणूस तयार होतो, असा अनुभव डॉक्टर सांगतात. ती पळवाट नाही, झोप खरंच बिघडलेली असते.

दारूबद्दल दोन गोष्टी नीट ऐका. ओळखीपाळखीतलं कोणी तरी नक्की सांगेल की अमुक गोळी भाजीत मिसळून द्या, आपोआप सुटेल. देऊ नका. ते बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. ते फक्त रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करू नये. दोन दिवसांच्या आत हात कापणं, फिट येणं आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होणं असे प्रकार होतात. बंद करायची ती डॉक्टरांच्या औषधांच्या आधाराने.

रेकॉर्डचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मिस्टरांनी खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन औषध घेतलं तर ते कळवण्यासाठी डॉक्टर स्वतःहून पोलीस ठाण्याला पत्र लिहीत नाहीत. वैद्यकीय रजा घ्यायची असेल तेव्हाच प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. सुरुवात ओपीडीत, गणवेश न घालता, ड्युटी सुटल्यावर करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तुमच्याकडे नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या पाटीची लाज वाटत असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग बघा. फोनवरून सुरुवात करायची तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आधी तुम्ही एकट्या फोन केलात तरी चालेल.

औषध सुरू झालं तर फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत काही होत नाही म्हणून सोडणारे, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडणारे, दोघेही पुन्हा तिथेच येतात. बरं वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. तिची सवय लागते, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. मिस्टरांकडे सर्व्हिस पिस्तूल आहे आणि ते गाडी चालवतात, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे गुंगी आणणारं औषध ते टाळतील.

पिस्तुलाविषयी आणखी एक. 'जगून काय उपयोग', 'तुम्ही माझ्याशिवाय बरे राहाल' असं काही बोलले तर थेट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, किंवा उत्तर टाळलं, तर त्या दिवशी पिस्तूल घरात नको. ते कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, जमा करायला लावा. ते ऐकत नसतील तर त्यांच्या विश्वासातल्या बॅचमेटला किंवा वरिष्ठांना सांगा. इथे गुप्तता पाळत बसायचं नाही. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रश्न : महिला अंमलदार, मराठवाडा. बंदोबस्तात दहा-बारा तास लघवीला जायची सोय नसते म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. मेडिकलमधून गोळी घेते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पाणी न पिणं आणि तुंबवून ठेवणं, या दोन्हींनी जंतूंना वाढायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात त्यात मुतखडा आणि उष्माघाताची भर पडते. परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी जंतू अर्धवट मरतात आणि उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. या वेळी गोळी सुरू करण्याआधी लघवीची रुटीन आणि कल्चर तपासणी करा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. वर्षात तीनदा झालं म्हणजे सोनोग्राफी आणि शुगरही बघायला हवी. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्या दिवशी ड्युटी करू नका.

बंदोबस्तावर निघण्याआधीच्या दोन तासांत अर्धा लिटर पाणी पिऊन लघवी करून निघा. नंतर दर अर्ध्या-पाऊण तासाला चार-पाच घोट घ्या. एकदम बाटली रिकामी केली की लगेच जावं लागतं. उन्हात घाम जास्त असेल तर ओआरएसची एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात नव्हे. पाळीच्या दिवसांत पॅड चार-सहा तासांत बदलावं लागतं. सवय असेल तर मेन्स्ट्रुअल कप बारा तासांपर्यंत चालतो. पण तो पहिल्यांदा वापरून बघायचा तो सुट्टीच्या दिवशी घरी, विसर्जनाच्या मिरवणुकीत नको.

खरा दोष मात्र तुमच्या पाणी पिण्यात नाही, बंदोबस्ताच्या आराखड्यात आहे. आराखड्यात पॉइंट, अंमलदार, वॉकीटॉकी, बॅरिकेड सगळं असतं. त्यात प्रत्येक पॉइंटपुढे सर्वांत जवळचं स्वच्छतागृह आणि दर तीन तासांनी सोडवायला येणाऱ्याचं नाव असा एक रकाना घाला, अशी लेखी मागणी महिला अंमलदारांनी मिळून करावी. शाळा, बँक, मंगल कार्यालय यांना आदल्या दिवशी एक फोन केला तर बहुतेक जण उघडून देतात.

प्रश्न : वाहतूक शाखा, पुणे. पायांच्या शिरा फुगल्यात, कानात शिट्टी वाजते. मास्क लावून उपयोग होतो का?

एन-९५ मास्क धूळ आणि धुराचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे वायू अडवत नाही. दाढी असेल किंवा नाकावरची पट्टी दाबलेली नसेल तर कणही बाजूने आत जातात. कापडी रुमालाचा उपयोग जवळपास शून्य. वर्षातून एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, करून आकडे जपून ठेवा.

कानाची ऑडिओमेट्री लगेच करा. आवाजाने होणारं नुकसान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसतं, तेव्हा बोलणं नीट ऐकू येत असतं म्हणून कळत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

पायांसाठी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे. सकाळी उठण्याआधी, सूज नसताना चढवायचे. मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या दुखत असतील तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, नाहीतर मोज्यांनी इजा होईल. सिग्नलला उभं असताना दर काही मिनिटांनी टाचा वीस वेळा वर-खाली करा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर ती शीर फुगलेली नाही, आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करा.

प्रश्न : प्रभारी अधिकारी, ग्रामीण पोलीस ठाणे, मनुष्यबळ ६०. आठ तासांची ड्युटी लावायची इच्छा आहे. कागदावर जमते, आठवड्यात मोडते. कुठे चुकतं?

चुकतं ते पहिल्या हिशेबात. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा (२०२२ मध्ये त्या १२ च्या २० झाल्या), ३० अर्जित रजा आणि प्रशिक्षण-कोर्टाचे दहाएक दिवस वजा करा. एका अंमलदाराचे हाती येतात २५३ दिवस. म्हणजे एक जागा आठ तासांच्या तीन पाळ्यांत वर्षभर भरलेली ठेवायला ४.३३ माणसं लागतात. ६० माणसांत चोवीस तास चालणाऱ्या जागा जेमतेम १३ बसतात. तुमच्या तक्त्यात तीन माणसांमागे एक जागा धरलेली असणार, म्हणून पहिली रजा पडली की तो मोडतो.

तेव्हा आधी जागा वेगळ्या करा. ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप गार्ड, ११२ ची गाडी या खऱ्या चोवीस तासांच्या. मुद्देमाल (जप्त वस्तूंची देखरेख), गोपनीय माहिती, पासपोर्ट पडताळणी, समन्स-वॉरंट ही दिवसाची कामं. त्यांना रात्रपाळीत ओढू नका. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात एका शिपायाच्या सूचनेवरून आठ तासांचा प्रयोग झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला तो शहरभर लागू झाला. शहरात ठाण्यांची हद्द छोटी. ग्रामीण भागात अंमलदार ४० किलोमीटरवरून येत असेल तर आठ तासांच्या सहा फेऱ्यांपेक्षा बारा तासांच्या कमी फेऱ्या त्याला स्वतःलाच बऱ्या वाटतात. विचारून ठरवा. आठ या आकड्याची पूजा नको. दोन ड्युट्यांमधे निदान अकरा तास मोकळे मिळतात की नाही, ते बघा. २०१९ च्या देशव्यापी पोलीस पाहणीत सरासरी ड्युटी १४ तासांची आणि निम्म्या जणांना साप्ताहिक सुट्टीच नाही असं आढळलं होतं. त्या मानाने बारा तास आणि पक्की सुट्टी ही सुधारणाच आहे.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने पुढे सरकू द्या. उलट क्रमाने शरीर जुळवून घेत नाही. सलग तीन, फार तर चार रात्री, आणि शेवटच्या रात्रीनंतर दोन दिवस मोकळे.

सर्वांत जास्त मोडतो तो तपास अधिकारी, आणि त्याचा तक्ता कुणी करतच नाही. अटकेपासून २४ तासांत आरोपी कोर्टापुढे न्यायचा, दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत, शिवाय जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण. याला पाळी लागू होत नाही. त्यावर चालतो तो जोडीचा तपास. प्रत्येक गंभीर गुन्ह्याला दोन नावं, रोज एका पानाची नोंद: काय झालं, काय राहिलं, उद्या कोर्टात कोण. मग रात्रगस्त केलेल्या अधिकाऱ्याला सकाळी अकराला रिमांडसाठी उभं राहावं लागत नाही. गस्तीचा तक्ता आणि कोर्टाच्या तारखा एकाच फळ्यावर लिहा, टक्कर आदल्या आठवड्यात दिसते.

तक्ता पंधरा दिवस आधी लावा. बंदोबस्तात गेलेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली तारीख त्याच महिन्याच्या तक्त्यात लाल शाईने लिहा आणि ती रद्द करायचा अधिकार ड्युटी लावणाऱ्या हजेरी मास्तरकडे ठेवू नका, स्वतःकडे ठेवा.